क्वार्ट्झ घड्याळ बंद पडलं? आधी या चुका टाळा

"घड्याळ कुठल्या कंपनीचं?" असं विचारलं की बरीच गिऱ्हाइकं डायलकडे बघून सांगतात, "क्वार्ट्झचं." ती कंपनी नव्हे हो. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. कारखान्यात वाढवलेल्या अशा स्फटिकाचा इवलासा चिमटा मशीनमध्ये असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा करतं, की उरतो सेकंदाला एक ठोका, आणि त्यावर काटा सरकतो. सेइकोने १९६९ च्या डिसेंबरात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं ते याच तत्त्वावर, आणि जत्रेतलं स्वस्तातलं घड्याळही त्याच तत्त्वावर चालतं. तेव्हा नुसता 'क्वार्ट्झ' शब्द वाचून जास्त पैसे मोजू नका.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे बंद घरात सेल घातलेलं घड्याळ ठेवून जाणं. चाकरमानी मे महिन्यात आंबे खाऊन मुंबई गाठतात, घर उघडतं ते थेट गणपतीला. मधला सगळा पावसाळा भिंतीवर ओल आणि सेल आत. तो संपतो, मग गळतो.

एका गणपतीत कणकवलीकडचे एक काका घड्याळ पिशवीत घालून घेऊन आले. नोकरीतून निवृत्त होताना मिळालेलं, डायलवर त्यांचं नाव छापलेलं. "सेल नवोच घातलंय, तरी चलना नाय." मागचं झाकण काढलं, तर वजा बाजूची स्प्रिंग पांढऱ्या-हिरव्या पावडरीने अर्धी खाल्लेली. तेवढं असतं तर निभावलं असतं. पण पुतण्याने आधी सुरीने पावडर खरवडली, पत्रा वाकवला आणि वर खोबरेल सोडलं! प्लॅस्टिकच्या चाकांवर तेल, तेलावर कापसाची धूळ, आणि दातात अडकलेली मेलेली मुंगी. खोबरेल डोक्याला लावा, आंबोळीच्या तव्याला लावा. घड्याळाच्या मशीनला तेल घालायचं की नाही, हे ज्याला कळतं त्यालाच ठरवू दे. शेवटी मशीनच बदललं. जुने काटे नव्या दांड्यावर बसेनात, म्हणून काटेही नवे. नावाची डायल तेवढी राहिली.

पावडर नुसती लागली असेल आणि सेल अल्कलाइन असेल, तर मी कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसतो, मग स्पिरिट, मग बारीक पॉलिश पेपरचे दोन हात. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं. पण घाईने पंख्याखाली धरून लगेच सेल घालू नका, रात्रभर सुकू द्या. आणि मुळात घराला कुलूप लावताना मेन स्विच बंद करता ना, तेव्हाच सेलही काढा.

सेकंद काटा नवाच्या आसपास जागच्या जागी टकटक करतोय? सेल दमलाय. तिथून वर चढताना काट्याला सगळ्यात जास्त जोर लागतो. घड्याळाला थापट्या मारू नका.

मनगटी घड्याळाचा काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतोय, तर तेही बहुधा सेल संपत आल्याचंच लक्षण. बऱ्याच घड्याळांत कंपनीने मुद्दाम केलेली सोय आहे ती, बिघाड नव्हे. वेळ लावायची बाजूची चावी बाहेर ओढून घड्याळ कपाटात ठेवणाऱ्यांचा सेल थोडा वाचतो खरा, पण त्या फटीतून ओल शिरते.

मागे '३० मीटर' लिहिलंय म्हणून तारकर्लीला समुद्रात उडी मारणारे दर मोसमात येतात. तो आकडा हातपाय धुताना उडणाऱ्या पाण्यापुरता समजा. त्यातून सेल बदलताना झाकण सुरीने उचकटलेलं असेल, तर आतली रबरी रिंग कधीच कापली गेलेली असते. काचेआड वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. खारं पाणी आत राहिलं की सर्किट जातं.

मशीन ऑनलाइन मागवणाऱ्यांनी आधी डायलची जाडी मोजावी. डायलच्या भोकातून बाहेर येणारा मशीनचा दांडा आखूड निघाला, तर वरून आवळायचा नट बसत नाही. मग ते मशीन माझ्याकडे आणून "हेच बसवा" म्हणू नका.