पेप्टाइड हायड्रोजेलमध्ये पेशी मरताहेत? या चुका टाळा

जेल झकास जमलं, पण दुसऱ्या दिवशी पेशी मेलेल्या. स्वतःहून जुळून पाणी धरणारं जेल (हायड्रोजेल) बनवणाऱ्या पेप्टाइडवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवर, काम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग खापर फुटतं पेप्टाइडमधल्या अमिनो आम्लांच्या क्रमावर. नवा क्रम मागवण्याआधी हाताळणी तपासा.

आरएडीए१६ या पेप्टाइडचं उदाहरण घ्या. आर्जिनिन, अ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, अ‍ॅलनिन ही चौकडी ओळीने चार वेळा. त्याचं पाण्यातलं १ टक्का द्रावण बरंच आम्लधर्मी असतं. त्यात मीडियममधल्या (पेशींच्या पोषक द्रवातल्या) पेशी थेट मिसळल्या, तर मीडियमच्या क्षारांनी जागच्या जागी गुठळ्या होतात आणि काही पेशी आम्लातच अडकतात. म्हणून पेशी धुऊन १० टक्के सुक्रोजमध्ये घ्या. त्यात क्षार नसल्याने जेल आधीच जमत नाही, आणि पेशी फुगून फुटतही नाहीत. पेप्टाइड मिसळलं की रेंगाळू नका, लगेच वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) घाला. मग मीडियम भिंतीच्या कडेने हळूहळू सोडा. वरून धार धरली तर जेल फाटतं. पहिल्या तासाभरात मीडियम दोनदा तरी बदला. मीडियममधलं फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) पिवळं पडत असेल, तर आम्ल अजून निघालेलं नाही.

दुसरी चूक वजनाची, आणि ती फार जण करतात. बाटलीवर ‘९५ टक्के शुद्ध’ लिहिलेलं असतं, पण तो आकडा इतर पेप्टाइडांच्या भेसळीपुरता. पावडरीत पाणी आणि शुद्धीकरणातून आलेलं ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लही असतं. त्यामुळे १० मिलिग्रॅम पावडर म्हणजे १० मिलिग्रॅम पेप्टाइड नव्हे. निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण पुरवठादाराकडून मागून घ्या. बॅच बदलली की जेल मऊ पडतं, त्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

ठेवून ठेवून द्रावण घट्ट झालं असेल, तर वापरण्याआधी सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) धरा. लांब तंतू तुटतात आणि पुन्हा जुळतात.

एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलनिनची तऱ्हा उलटी: जेल बनवणारं हे दुसरं छोटं पेप्टाइड अल्कलीत विरघळतं आणि पीएच उतरला की जमतं. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तर जिथे थेंब पडला तिथेच घट्ट. त्याऐवजी ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरा; ते पाण्यात सावकाश आम्ल सोडतं, म्हणून जेल एकसारखं येतं.

बाटली उलटी करून ‘जेल झालं’ म्हणणं पुरेसं नाही. ऱ्हिओमीटरवर जेलचा कडकपणा मोजा, तेही रेषीय टप्प्यात, म्हणजे जेलची रचना मोडणार नाही इतक्या कमी ताणात. सुईतून द्यायचं असेल, तर ताण काढल्यावर जेल किती वेळात सावरतं तेही पाहा.

पेशी जगतात पण गोल राहतात, पसरत नाहीत? नुसत्या आरएडीए१६ मध्ये पेशींनी धरावं असा आरजीडीसारखा (आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल) क्रमच नाही. तो ग्लायसिनचा दुवा घालून टोकाला जोडा, मात्र सगळं पेप्टाइड तसलं वापरू नका. जुळणी बिघडू शकते. साध्या पेप्टाइडमध्ये मिसळून प्रमाण ठरवा. तुलनेसाठी आरजीडीच्याच अमिनो आम्लांचा उलटसुलट क्रम असलेलं जेलही ठेवा, नाहीतर पेशी आरजीडीमुळे पसरल्या की जेल कडक झाल्यामुळे, हे सांगता येणार नाही.