जनावरांतील आणि माणसांतील जीवाणूंची जनुकीय तुलना कशी करावी

वराहपालकाच्या नाकात आणि त्याच्या डुकरांच्या नाकात एकच जीवाणू सापडला, तर तो डुकरांकडून आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण साम्यावरून दिशा कळत नाही. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू नेदरलँड्समधील वराहपालकांत आढळल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. हाच पुढे सीसी३९८ म्हणून ओळखला गेलेला गट, आणि तुलनेची पद्धत समजून घेण्यासाठी तो उत्तम आहे.

नमुने एकाच काळात जनावरे, त्यांची देखभाल करणारे आणि गोठ्याशी संबंध नसलेली माणसे अशा तिघांकडून घ्यावेत. प्रत्येक स्वॅबमधून एकच कॉलनी (एका जीवाणूपासून वाढलेली वसाहत) न उचलता अनेक उचलाव्यात, कारण एकाच नाकात थोडे वेगवेगळे वंशज नांदत असतात. तारीख, ठिकाण व यजमान (ज्या माणसात वा जनावरात जीवाणू सापडला तो) यांची नोंद तिथल्या तिथे करावी. कंटाळा नेमका याच कामाचा केला जातो.

संपूर्ण जनुकीय क्रम वाचून झाल्यावर आधी मिसळ झालेले नमुने बाजूला काढावेत, मग सात जनुकांवरून प्रकार ठरवावा. ही केवळ ढोबळ चाळणी आहे. खरी तुलना डीएनएच्या सुमारे २८ लाख अक्षरांच्या क्रमातील एकेका अक्षराच्या फरकाची असते आणि त्यासाठी संदर्भक्रम (ज्याच्याशी बाकीचे क्रम ताडून पाहतात तो) त्याच गटातला निवडावा. फाज (जीवाणूंत शिरणारे विषाणू), प्लास्मिड (डीएनएची सुटी वर्तुळे) व एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारे अन्य फिरते तुकडे मात्र वंशवृक्ष काढण्यापूर्वी वगळावेत, अन्यथा एकाच झेपेत आलेले शेकडो फरक वर्षानुवर्षांच्या अंतरासारखे भासतात. या जीवाणूत वर्षाला साधारणपणे दहाच्या आतच बदल साचतात, म्हणून दोन-चार फरक अलीकडचा संबंध सुचवतात. हा संबंध तिसऱ्याच, न तपासलेल्या यजमानामार्फतही असू शकतो.

दिशा ठरवण्यासाठी वृक्षाच्या मुळाशी कोणाचे नमुने आहेत ते पाहावे. २०१२ साली १९ देशांतील ८९ नमुन्यांच्या तुलनेत मुळाशी माणसांतील, मेथिसिलिनला बळी पडणारे जीवाणू निघाले. म्हणजे हा गट माणसांकडून जनावरांत गेला, तेथे त्याने टेट्रासायक्लिन व मेथिसिलिन या प्रतिजैविकांना विरोध करण्याची शक्ती मिळवली आणि मानवी प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुके वाहणारा फाज गमावला.

वगळलेले तुकडे म्हणूनच फेकून न देता स्वतंत्रपणे तपासावेत. मात्र हा फाज माणसांत परतलेल्या जीवाणूंना पुन्हा मिळू शकतो, त्यामुळे त्या एका खुणेवरून मूळ यजमान ठरवू नये.