सलाईनच्या सेटवर चेनचा ऑइलर, घरच्या घरी

पावसाळ्यात गगनबावड्याला एकदा जाऊन या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलची चेन बघा, कोरडी ठणठणीत आणि लिंकच्या कडांना तांबूस गंज. पुढं ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेला चिखल, तो वाळला की धूळ, सगळं चेनवरच. डबल स्टँडला लावून दर ५०० किमीला ऑइल सोडायचं सगळ्यांना म्हाईत असतं पण होत नाही, म्हणून मी ऑइलर, म्हणजे गाडी चालताना चेनला आपोआप थेंब थेंब ऑइल देणारी जोडणी, बसवला आणि आता लई समाधान आहे.

तयार किट मिळतात, स्कॉटऑइलर हे त्यातलं जुनं नाव. त्याचं मूळ मॉडेल इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतं, इंजिन सुरू झालं की इनटेकच्या (हवा आत घ्यायच्या वाटेच्या) ओढीनं वॉल्व उघडतो, बंद केलं की मिटतो. पण एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीच्या थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाची, नळी कापून टी (तीन तोंडांचा जोड) जोडायची असेल तर जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. मी सांगतोय ते साधं, वरनं खाली थेंब पडणारं.

मेडिकलमधनं सलाईनचा सेट आणा, सुई नको. १०० मिलीची जाड प्लास्टिकची बाटली, माशांच्या टाकीच्या दुकानात हवेच्या नळीचा छोटा कॉक (बारकी तोटी) मिळतो तो, झिप टाय आणि वीतभर जाड तार. बाटली साइड पॅनेलच्या आत उलटी बांधायची, झाकणात सेटचं टोक घट्ट बसवायचं आणि वर आलेल्या बुडाला टाचणीएवढं भोक पाडायचं. हे भोक विसरलात तर चार थेंब पडून ऑइल थांबणार. बाटली बसवायची पट्टी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाकवून घेतली, नसली तरी झिप टायवर भागतं. नळी सायलेन्सरपासनं लांब, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) कडेनं न्या आणि स्विंगआर्म जिथं हलतो तिथं थोडी ढिली सोडा, नाहीतर खड्ड्यात ताण बसून निसटते. कॉक हाताला लागेल असा मधे जोडा, नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं की चढतं.

आता खरं काम, नळीचं तोंड. डाव्या बाजूनं बघितलं तर मागच्या स्प्रॉकेटवर (चेन चढते त्या दातेरी चकतीवर) घड्याळातल्या ७ च्या जागी, चेन खालनं स्प्रॉकेटवर चढते त्याच्या जरा आधी. तोंड तिरकं कापा, नळीला तार गुंडाळून ताठ करा आणि स्प्रॉकेटच्या बाहेरच्या अंगाला, दातांच्या किंचित आत, नुसतं टेकेल असं ठेवा. चाक फिरतं त्या दिशेलाच तोंड असू दे. उलटं ठेवलं तर दात नळी ओढून घेतात. टेकलेलं ऑइल फिरताना आपोआप बाहेर दातांकडं सरकतं आणि चेनला लागतं, चेनवर वरनं ओतायची गरजच नाही. बसवल्यावर चाक हातानं दहा वेळा फिरवून बघा, घासल्याचा आवाज आला तर परत सरळ करा.

ऑइल ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा नवीन इंजिन ऑइल. गाडीतनं काढलेलं काळं ऑइल घालू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो.

थेंब किती? मिनिटाला एक, बस्स. सेटच्या काचेसारख्या भांड्यात थेंब दिसतो, मोबाइलवर मिनिट लावून मोजा आणि सेटच्या नळीवरची थेंब कमीजास्त करायची चक्री हळूहळू फिरवा. दुपारच्या उन्हात सेट केलेलं थंडीच्या सकाळी निम्म्यावर येतं कारण ऑइल घट्ट होतं, तेव्हा ऋतू बदलला की परत मोजायचं. मी पहिल्यांदा आठ-दहा थेंब ठेवले होते, चेनला जास्त बरं म्हणून. पन्हाळ्यावरनं उतरताना वाघबीळच्या वळणावर मागचं चाक सरकलं, गाडी कशीबशी सावरली, थांबून हात फिरवला तर टायरची डावी कड ओली. त्या दिवसापासनं प्रत्येक रपेटीनंतर टायरच्या कडेवर बोट फिरवतो. बोटाला ऑइल लागलं तर साबणाच्या पाण्यानं टायर धुवा, थेंब कमी करा, मगच निघा.

आणि हो, हे इंजिनबरोबर बंद होत नाही. गाडी लावली की आधी कॉक, मग चावी. कॉक उघडा राहिला तर रात्रभर मागच्या चाकाखाली तळं साचतं. सेटची नळी ऑइलनं हळूहळू कडक होते, दसऱ्याला गाडी धुताना नवीन टाकायची.