फळं ओळखताना या चुका टाळा (आणि कच्च्या काजूला ब्लेड लावू नका)

खानापुरात विज्ञानाची ट्युशन घेतोय, दरवर्षी त्याच चुका बघून डोकं उठलंय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठा घोळ काजूचा. बोंडू म्हणजे फळ आणि खाली लोंबतंय ते बी, असं घरची काजूबाग असलेली पोरंसुद्धा छातीठोकपणे सांगतात. उलटं आहे की बाबांनो! फुलातल्या अंडाशयाचं (ज्यात बिया धरतात तो भाग) जे होतं ते फळ, म्हणजे टरफलासकट काजूबी हेच फळ, आतला गर ते बी, आणि बोंडू म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. नावातच 'बी' असल्यावर पोरं तरी काय करणार म्हणा.

मागं एकदा मीच शहाणपणा केला. हिरव्या काजूबिया वर्गात आणल्या, कापून बघा म्हणालो आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येईतोवर दोघांनी ब्लेड चालवून तीच बोटं ओठांना लावलेली. टरफलातलं तेल लय जहाल, कातडीच सोलली, आणि दुसऱ्या दिवशी एकाची आई दारात, "सर, शिकवताय की पोराला भाजताय?" तेव्हापासून कापायचं बंद, फाल्गुनात सरळ झाडाखाली नेतो. हिरवी बी आधी वाढते, बोंडू मागनं फुगतो, एकाच झाडावर सगळं दिसतंय. पण तासभर थांबायला कुणाला वेळ आहे, व्हिडिओ बघून दोन मिनिटांत पाहिजे.

दुसरी चूक, चवीवरनं ठरवणं. बेळगावच्या बाजारात कन्नड बाई टोमॅटोला हण्णू म्हणते आणि वांग्याला बदनेकायी, म्हणजे एक फळ, एक भाजी. वनस्पतीशास्त्रात दोन्ही मृदुफळंच (इंग्रजीत बेरी, म्हणजे आत कडक कोय नसलेलं मऊ फळ), मिरची, द्राक्ष, केळंपण त्यातच. मी कायम दोन नग घेतो, एक आडवं कापतो, एक उभं, आणि बिया कुठं चिकटल्यात ते बघतो. गोड का तिखट ते नंतर.

आंब्याची कोय म्हणजे बी नव्हे, ते कडक कवच फळाच्याच भिंतीचा आतला थर, बी त्याच्या आत. नारळाची करवंटी तीच. आंब्यात जिथं रस, नारळात तिथं काथ्या.

भुईमुगाची शेंग मूळ नाही, जमिनीत गेलेलं फळ आहे. स्ट्रॉबेरीवरचे ठिपके ही एकेक फळं.

फणस शेवटी घ्या. एक फणस म्हणजे एका अख्ख्या फुलोऱ्याची मिळून एक मोट, पहिल्याच दिवशी त्याला हात घालणारा पोरगा परत ट्युशनला दिसत नाही. आणि कापायच्या आधी हाताला खोबरेल लावा.