कुत्र्याला न घाबरवता कसे शिकवावे

कुत्रा घरी आला की पहिल्याच आठवड्यात घरातली माणसे त्याला ‘बस’, ‘ये’, ‘नको’ हे शब्द शिकवू लागतात. त्याच दिवसांत तो स्वतःहून आणखी बरेच काही शिकत असतो: अंगाजवळ आलेला हात थोपटतो की मारतो, खाताना कोणी शेजारी आले तर भांडे उचलले जाते की तसेच राहते, झोपेतून आपल्याला ओढून उठवले जाते का. हे धडे आपण ठरवून देत नाही, तरी तेच सर्वांत खोल मुरतात आणि पुढची सगळी शिकवण त्यांच्यावर उभी राहते. भ्यालेला कुत्रा सांगितलेले निमूटपणे करू शकतो. परंतु त्याचे सारे लक्ष मार चुकवण्याकडे असल्यामुळे नवे काही समजून घेणे त्याला अवघड जाते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट आधी पाहावी, ती म्हणजे या क्षणी तो निर्धास्त आहे का.

धाकाची समजूत

कुत्र्याला धाकात ठेवले नाही तर तो डोक्यावर बसतो, असे अनेकांना मनापासून वाटते. या समजुतीला शास्त्राचा आधार असल्यासारखे वाटण्यामागे एक इतिहास आहे. स्विस अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बंदिस्त आवारात एकत्र ठेवलेल्या त्या लांडग्यांमधील भांडणांवरून कळपात सतत वर्चस्वाची झुंज चालते अशी कल्पना रूढ झाली. अमेरिकन संशोधक डेव्हिड मीच यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ती दूरवर पोहोचली. पुढे अनेक वर्षे मोकळ्या रानातील लांडगे पाहिल्यावर डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंब असते. लांडग्यांविषयीच जी कल्पना टिकली नाही, ती हजारो वर्षे माणसांसोबत राहिलेल्या कुत्र्यावर लादून त्याला जमिनीवर दाबून धरणे किंवा मानेला धरून हलवणे याला काहीही आधार उरत नाही. माझ्या पहिल्या कुत्रीला मीही याच समजुतीने एकदा कोपऱ्यात दाबून रागावलो होतो. त्यानंतर कित्येक दिवस मी नुसता वाकलो तरी ती अंग चोरून घेत असे, आणि ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही.

गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा ही साधने याच विचारातून येतात. त्यांनी कुत्रा पटकन थांबतो हे खरे. तो थांबतो कारण त्याला दुखते किंवा दुखण्याची भीती वाटते. पोर्तुगालमधील प्रशिक्षणवर्गांत जाणाऱ्या ९२ पाळीव कुत्र्यांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले. ज्या वर्गांत शिक्षेचा वापर सर्वाधिक होता तेथील कुत्रे, खाऊ असेल की नसेल याचा अंदाज न येणाऱ्या भांड्याकडे, बक्षिसाने शिकलेल्या कुत्र्यांपेक्षा सावकाश जात होते. त्यांची अपेक्षाच मावळली होती, असे त्यातून दिसते.

बक्षिसाने शिकवण्याची रीत

ज्या कृतीनंतर काही चांगले घडते ती कृती पुन्हा केली जाते, हे प्राण्यांच्या शिकण्यातले मूलभूत तत्त्व आहे. अडचण येते ती वेळेची. कुत्रा बसल्यानंतर आपण खिसा चाचपून खाऊ काढेपर्यंत तो उठून उभा राहतो, आणि बक्षीस मिळते ते उठल्याबद्दल. यावर उपाय म्हणून ‘छान’ असा एक छोटा शब्द किंवा क्लिकरचा, म्हणजे दाबल्यावर ‘टक्’ वाजणाऱ्या छोट्या साधनाचा, आवाज ठरवून घ्यावा. पहिल्या दिवशी काहीही न सांगता तो शब्द उच्चारावा आणि लगेच खाऊ द्यावा. असे पंधरावीस वेळा केले की शब्द ऐकताच कुत्रा खाऊच्या अपेक्षेने वळून पाहू लागतो. त्यानंतर हा शब्द नेमकी हवी ती कृती घडली त्या क्षणी उच्चारायचा आणि खाऊ मागाहून एकदोन सेकंदांत द्यायचा. खाऊचा तुकडा वाटाण्याएवढाच असावा आणि दिवसभरात दिलेला खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा.

‘बस’ शिकवताना तुकडा त्याच्या नाकाशी धरून हळूहळू वर आणि किंचित मागे न्यावा. नाक वर गेले की बूड आपोआप खाली टेकते, आणि तेवढ्यात ‘छान’ म्हणावे. पाठीवर दाब देऊन त्याला बसवू नये. पाचसहा वेळा जमले की हातात खाऊ न ठेवता तीच खूण करावी, आणि खूण पक्की झाल्यावरच तिच्या आधी ‘बस’ हा शब्द जोडावा. बहुतेक जण उलट क्रमाने जातात: कुत्र्याला काहीच कळत नसताना दहादा ‘बस बस’ म्हणतात आणि त्यामुळे तो शब्द त्याच्या लेखी नुसता गोंगाट होऊन बसतो. एका वेळी तीन ते पाच मिनिटे पुरेत. स्वयंपाकघरात शिकलेली गोष्ट त्याला रस्त्यावर येत नसेल तर तो हट्ट करत नाही. जागा बदलली की त्याच्यासाठी धडाही काहीसा नवा होतो, म्हणून प्रत्येक नव्या जागी एक पायरी मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी.

‘ये’ या शब्दाला मात्र जिवापाड जपावे, कारण एखाद्या दिवशी रस्त्यावरील गाडीपासून तोच त्याला वाचवणार असतो. या हाकेने बोलावून कधीही रागावू नये, आंघोळ घालू नये, खेळ संपवून घरी नेऊ नये. तशा कामासाठी आपण उठून त्याच्याजवळ जावे. सुरुवातीचा सराव मोकळ्या मैदानात पाच ते दहा मीटर लांबीची दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला, बांधून करावा आणि तो आला की नेहमीपेक्षा चांगला खाऊ द्यावा, मग यायला त्याला कितीही वेळ लागलेला असो.

पिल्लाच्या शी-शूच्या सवयीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे, तेथे केले की तिथल्या तिथे बक्षीस द्यावे, आणि घरात चूक झाली तर गुपचूप पुसून घ्यावे. रागावल्याने ते घरात न करण्याऐवजी तुमच्यासमोर न करण्याचे शिकते आणि मग पलंगाखाली जाऊन करते.

गुरगुरणे ही सूचना आहे

सर्वांत जास्त गैरसमज या एका गोष्टीविषयी आहेत. कुत्रा गुरगुरला की माणसांना तो उद्धटपणा वाटतो आणि त्याला तिथेच दटावले जाते. वास्तविक गुरगुरण्याच्या आधीच त्याने बरेच काही सांगून पाहिलेले असते: तोंड फिरवणे, भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, तोंड मिटून अंग ताठ करणे. शेपटी हलते आहे म्हणजे तो खूश आहे असेही नेहमी नसते. ताठ अंगाने उंच धरून झपाझप हलणारी शेपटी तणावाचीही असू शकते. या खुणा कोणी वाचल्या नाहीत तेव्हा तो आवाज काढतो. त्या आवाजाबद्दल शिक्षा झाली की आवाज बंद होतो आणि भीती जशीच्या तशी राहते. पुढे ‘काही सूचना न देता चावला’ म्हणून ज्यांची तक्रार होते, त्यांपैकी काही कुत्र्यांची सूचना देण्याची सवय माणसांनीच मोडलेली असते.

म्हणून कुत्रा गुरगुरला की आपण थांबावे, शांतपणे अंतर वाढवावे आणि नेमके काय घडत असताना तो गुरगुरला ते लिहून ठेवावे. सवय बदलण्याचे काम नंतर, सावकाश करायचे असते. समजा, त्याला अनोळखी माणसांची भीती वाटते. तर माणूस दिसतो आहे पण कुत्रा अजूनही सहज खाऊ घेतो आहे, इतक्या अंतरावर उभे राहावे. आधी माणूस दिसावा आणि त्यानंतर लगेच खाऊ यावा. हा क्रम उलटला तर खाऊची पिशवीच त्याला धोक्याची खूण वाटू लागते. माणूस नजरेआड गेला की खाऊ थांबवावा. माणूस दिसताच कुत्रा आनंदाने तुमच्याकडे पाहू लागला, म्हणजे दोन पावले पुढे सरकण्याची वेळ आली. त्याने खाऊ घेणे बंद केले तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे व्हावे. याला आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात.

आजवर शांत असलेला कुत्रा अचानक चिडचिडा झाला तर शिकवण्याआधी पशुवैद्याला दाखवावे. सांधे, दात किंवा कान दुखत असले तरी तो हात लावू देत नाही. लहान मूल आणि कुत्रा यांना, दोघेही कितीही गुणी असले तरी, मोठ्या माणसाच्या लक्षाशिवाय एकत्र सोडू नये. आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

रोजची जबाबदारी

पिल्लाचे लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस देत ते किमान सोळा आठवड्यांपर्यंत चालते; रेबीजची लस आणि जंतनाशक यांचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. याच काळात एक पेच असतो. जग ओळखीचे करून घेण्याचे पिल्लाचे सर्वांत नाजूक वय सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच असते. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला कोंडून ठेवले तर ती संधी कायमची जाते. तेव्हा त्याला उचलून घेऊन बाहेर न्यावे, छत्री, सायकल, दाढीवाली माणसे, रडणारी मुले हे सारे दुरून दाखवावे, आणि लसी घेतलेल्या निरोगी कुत्र्यांशीच भेट घडवावी.

चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी ठरू शकतात. यांपैकी काही पोटात गेले तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे उभ्या गाडीत त्याला थोडा वेळही सोडू नये. चपट्या नाकाच्या जातींना तर उन्हाचा त्रास फार लवकर होतो.

शेवटी तपासणीविषयी. नखे कापणे, कान पाहणे, इंजेक्शन घेणे यांसाठी चौघांनी धरून ठेवावे लागणारा कुत्रा प्रत्येक खेपेला अधिकच बिथरतो. त्याऐवजी त्याला हनुवटी आपल्या तळहातावर टेकवायला शिकवावे. हनुवटी टेकलेली आहे तोवर पंजाला हात लावायचा, त्याने ती उचलली की हात काढून घ्यायचा. थांबवणे आपल्या हाती आहे हे कळल्यावर पुष्कळ कुत्रे पूर्वीपेक्षा जास्त वेळ हात लावू देतात. पहिल्या दिवशी नखे कापण्याचे साधन नुसते शेजारी ठेवावे, दुसऱ्या दिवशी ते नखाला टेकवावे, आणि एक नख कापले की त्या दिवसापुरते थांबावे. मुसक्याचीही सवय घरीच, काही गरज नसताना लावावी: जाळीदार, आत धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असे मुसके घेऊन त्याच्या तळाशी खाऊ ठेवावा आणि त्याने स्वतःहून तोंड आत घालेपर्यंत वाट पाहावी. पट्टा बांधण्याची घाई करू नये. तो तोंड आत ठेवून काही सेकंद सहज थांबू लागला की मगच पट्टा बांधावा, आणि पहिल्या खेपेला लगेच सोडावा.