गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त असते: या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. "दर रविवारी औषधी शॅम्पूने अंघोळ घालतो, तरी गोचिडी होतातच कशा?" उत्तर दरवर्षी तेच आहे. तुम्ही कुत्रा धुताय, घराकडे बघतच नाही.

मुंबईत कुत्र्याच्या अंगावर सापडते ती बहुतेक वेळा तपकिरी गोचीड. तिला गवत लागत नाही, जंगल लागत नाही. तिचं सगळं आयुष्य वन रूम किचनमध्ये आरामात निघतं. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, रक्त पिऊन खाली पडतं, फटीत कात टाकतं, पुन्हा कुत्र्यावर चढतं. रक्त प्यायला ती अशी तीनदा चढते आणि दर वेळी कुत्र्यावरचा मुक्काम काही दिवसांचाच असतो. बाकीचा सगळा काळ ती भिंतीत, दिवाणाखाली, दाराच्या चौकटीत असते. शेवटी पोट भरलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर वर चढत जाते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने जगते. शॅम्पूने त्या दिवशी अंगावर असतील तेवढ्या जातात, एवढंच.

भांडुपला ओळखीच्या घरात एक लॅब्रेडॉर होता. लाडका आणि स्वच्छ. घरातल्या आजी सांगत होत्या, "देव्हाऱ्यामागे भिंतीवर काहीतरी चढतंय गं." सगळे म्हणायचे, कोळी असेल. मग एका कंपनीचा माणूस येऊन पेस्ट कंट्रोल करून गेला, म्हणजे स्वयंपाकघरात झुरळांची जेल लावून गेला. गोचिडींचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे कुत्र्याने जेवण सोडलं. "उकाडा आहे, म्हणून खात नसेल" यात काही दिवस गेले. एका सकाळी लादीवर रक्ताचे थेंब दिसले, नाकातून आलेले. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट पार खाली आलेले. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीमुळे होणारा, सगळे ज्याला टिक फीव्हर म्हणतात त्यातलाच एक आजार. कुत्रा वाचला, पण त्या घराने फार सोसलं.

नंतर मी टॉर्च घेऊन त्या घरात गेले. पडद्याच्या पेल्मेटमागे फुगलेल्या राखाडी माद्या होत्या आणि त्यांच्या शेजारी साबुदाण्याहून कितीतरी बारीक तपकिरी अंड्यांचे ढीग. देव्हाऱ्याच्या फळीमागे तेच, स्विचबोर्डाच्या कडेलाही तेच. आजींचं बरोबर होतं.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी टॉर्च, मग औषध. फटींमधून व्हॅक्यूमचं बारीक नळकांडं फिरवायचं आणि आतली पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकायची. कुत्र्याची चादर गरम पाण्यात धुवायची. पेस्ट कंट्रोलवाल्याला "गोचीड" हा शब्द उच्चारून सांगायचा आणि भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत फवारणी करून घ्यायची. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारणी हवीच. फवारलेलं वाळेपर्यंत कुत्रा, मांजर आणि लहान मुलं बाहेर. माशांची टाकी असेल तर तीही हलवा. शेवटी फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवायच्या. एका दिवसात सगळं संपायला हवं असेल, तर हे काम तुमच्याच्याने होणार नाही. दोन-तीन महिने धरून चालायचं.

जिन्यात झोपणारे कुत्रेही याच कामात धरायचे. त्यांना औषध द्यायला सोसायटीत वर्गणी काढा. त्यांना हाकलून गोचिडी कमी होत नाहीत.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो ते. गोठ्यात जनावरांसाठी वापरायचं औषध स्वस्त मिळतं म्हणून आणायचं आणि "एकदाच जोरात मारू" म्हणून पाणी न घालता कुत्र्याच्या अंगावर ओतायचं. कुत्रा ते चाटतो. मग लाळ, थरथर, झटके, आणि रात्री दवाखान्यासाठी धावाधाव. रॉकेल, फिनेल, टर्पेंटाइन यांचंही तेच, कातडी भाजते आणि विष अंगात जातं. कुत्र्याच्या मानेवर लावायचं पर्मेथ्रिनचं औषध घरातल्या मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. दोघं अंगाला अंग लावून झोपत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या कुत्र्याची गोचिडीवरची गोळी अर्धी करून लहान कुत्र्याला देऊ नका, वजनाप्रमाणेच घ्या. कुत्र्याला फिट येत असतील तर गोळी घेण्याआधी सांगा.

मानेवरचं औषध केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचं. त्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको.

गोळी दिल्यावरही एखादी गोचीड दिसली की लोक म्हणतात, औषध खोटं निघालं. या गोळ्यांचं औषध रक्तातून काम करतं. गोचिडीने चावल्यावर ती मरते. घरात गोचिडी असतील तर त्या कुत्र्यावर चढणारच आणि चढून मरतील. ते चांगलंच आहे. गोळी चालू ठेवा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मुंबईत थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे "हिवाळ्यात गरज नाही" हे इथे लागू होत नाही.

गोचीड काढताना काडेपेटी, उदबत्ती, तेल काही नको. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी चिकटून धरायची, सरळ वर ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. नखाने चिरडायची नाही. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा.

पिसवांची गोष्ट वेगळी. मे महिन्यात सगळं घर बंद करून लोक गावाला जातात. परत येऊन दार उघडतात आणि पाच मिनिटांत घोट्यांना चावे सुरू. "कुत्रा तर आमच्याबरोबर होता!" हो, पण पिसवांचे कोष घरातच होते. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर येते. जाण्याआधी गादी, सोफा, पायपुसणी व्हॅक्यूम करा आणि आल्यावर आधी तेच करा, सामान नंतर लावा. कुत्र्याच्या केसांत काळे कण दिसले तर ओल्या टिश्यूवर टाका. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. पिसू गिळल्याने कुत्र्याला फीतकृमी होतो, म्हणून जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून द्या.

टिक फीव्हरवर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. कुत्रा पाचव्या दिवशी चिकन खायला लागला म्हणून थांबवू नका.

आणि माणसांचं. जुलै-ऑगस्टमध्ये घरात कुणाला ताप आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या तपासण्या होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण घरी कुत्रा आहे, त्याच्यावर गोचिडी आहेत, हे डॉक्टरांना कुणी सांगतच नाही. याच तपकिरी गोचिडीमुळे माणसांना रिकेटशिया नावाच्या जंतूंचा ताप येऊ शकतो. डोकं प्रचंड दुखतं, अंगावर पुरळ येतं, बऱ्याचदा तळहात-तळपायांवरही. नेहमीची बरीच अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाहीत, डॉक्सिसायक्लिन पडतं, आणि ते लवकर सुरू व्हावं लागतं. केसपेपर काढतानाच सांगा: घरात कुत्रा आहे, गोचिडी आहेत, अमुक दिवशी चावली होती.