लेकरू रडत असताना या चुका टाळा

तान्हा पोळा होता, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरायचा सण. नागपूरच्या महाल भागातून आणलेल्या नंदीचं चाक दुसऱ्याच दारात निखळलं आणि आमच्या चार वर्षांच्या पोराने रस्त्यावरच बसकण मारली. मी म्हणालो, "एवढ्याशासाठी रडतात का?" आबाजी म्हणाले, "पुढच्या वर्षी मोठा घेऊ." आत्याने मोबाइल पुढे केला. दारोदार मिळणारे पैसे-खाऊ, म्हणजे बोजारा, राहिला बाजूला, रडणं दुप्पट झालं.

सगळ्यात मोठी चूक माझीच: भर रडण्यात समजावणं. भावनेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. चार वर्षांच्या पोराकडे तो ब्रेक जेमतेम असतो, आणि रडण्याच्या भरात तोही लागत नाही. तेव्हा त्याच्या उंचीला येऊन बसायचं. "चाक निघालं. वाईट वाटलं ना?" एवढंच बोलून गप्प राहायचं. गप्प राहणं महाकठीण, कारण अख्खी गल्ली बघत असते. बघू दे.

"शांत हो!" असं ओरडून कोणी शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. दात आवळून म्हटलेलं "बेटा"ही पोरं बरोबर ओळखतात. आधी आपला श्वास सावकाश, लांबवर सोडा. चार-पाच वेळा केलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

शांत राहायचं म्हणजे हट्ट पुरवायचा, असं मात्र नाही. नवा नंदी आज नाही म्हणजे नाही. हात उगारला तर हात धरायचा: "मारू देणार नाही." मोबाइलने रडणं थांबतं खरं, पण रडू आवरायचं कसं, ते शिकायचं राहून जातं.

जवळ घेतल्यावर आणखी चिडतो? मग हातभर अंतरावर नुसते बसा. रोज त्याच वेळेला भडका उडतो? भूक, झोप बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आधी पाणी आणि कूलर, बाकी सगळं नंतर.

आपणच ओरडलो तर? रात्री अंथरुणात मी म्हणालो, "मघाशी चुकलं माझं." तो म्हणाला, "चाक उद्या लावू?"

स्वतःला इजा करून घेत असेल किंवा शाळेत जाणं, खाणं, झोपणंच बिघडलं असेल, तर घरचे उपाय पुरे झाले. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.